गोडं तेल, तिखट तेल

आबांनी पहिल्या डब्याचं झाकण फिरवून काढलं, डबा दोन्ही हातांनी उचलून नाकाशी नेला आणि डोळे मिटले. नैवेद्याचं ताट उचलावं तसा ते तेलाचा डबा उचलत. समोर आम्ही तिघं उभे होतो. माझा थोरला भाऊ सर्जेराव, ज्याला सगळं उद्यमनगर सर्जा म्हणायचं. मोटर क्लबचे इनामदार, जे या दोन डब्यांसाठी खास मुंबईला जाऊन आले होते. आणि मी. मागे, गाडीखाली उतरायच्या खड्ड्यावर, सर्जाची पद्मिनी गाडी उभी होती, दारं आतून सोललेली, पाठीमागची सीट काढलेली, बॉनेटवर पांढऱ्या गोलात सतरा नंबर. दुसऱ्या दिवशी घाटाची शर्यत होती.

"आबा, वास पोटात साठवायलाय का काय?" सर्जा म्हणाला. "लई येळ झाला."

"गप," आबा डोळे न उघडता म्हणाले.

"न्हाय, म्हटलं आमाला पण थोडा ठेवा."

इनामदार हसले. मी हसले नाही. आबा पूर्वी एवढा वेळ घेत नसत. झाकण निघालं की निकाल लागलेला असायचा. त्या दिवशी ते किती तरी वेळ तसेच उभे राहिले, आणि डबा धरलेल्या त्यांच्या बोटांची नखं पांढरी पडलेली मला दिसत होती.

दोन्ही डबे एकसारखे होते, पांढरे, दीड-दीड लिटरचे. मुंबईच्या माणसानं मोठ्या पिंपातून तेल काढून दिलं होतं आणि वर चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. डिकीत पाण्याचं कॅन फुटलं, चिठ्ठ्यांचा लगदा झाला. इनामदारांना काही वाटलं नाही. आकाराम लोहाराच्या, म्हणजे आमच्या आबांच्या, शेडमध्ये डबा जायचा आहे तर चिठ्ठी हवी कुणाला, असं ते स्वतःच म्हणाले.

आमच्या शेडमध्ये गिअरच्या तेलाला दोनच नावं होती. गोडं आणि तिखट. पुस्तकात त्यांना अक्षरं आणि आकडे असतात, ते आबांनी कधी तोंडात घेतले नाहीत. तिखटात गंधक असतं. झाकण उघडलं की फटाक्याच्या दारूसारखा वास नाकाच्या मुळाशी जाऊन बसतो आणि दोन दिवस तिथून उठत नाही. मागच्या दोन चाकांच्या मधे जो लोखंडी गोळा असतो, डिफरन्स, त्यातल्या क्राऊन आणि पिनियन या दातेरी चाकांचे दात एकमेकांवर नुसते फिरत नाहीत, भाराखाली घासत सरकतात. तिथं तिखटच लागतं. नाहीतर दात दाताला खातो. गिअरबॉक्समध्ये मात्र पितळेच्या कड्या असतात. पितळेला तिखट सोसत नाही, कड्या झिजतात, गिअर पडताना करकरतो. तिथं गोडं. साध्या गाडीत कुणी एकच तेल दोन्हीकडे ओतलं तरी ती महिनोन्‌महिने कुरकुरत का होईना चालते. सर्जाच्या गाडीचं तसं नव्हतं. तिचं इंजिन दुप्पट जोराचं केलेलं होतं, आणि क्राऊन-पिनियन कोरं, नुकतंच घट्ट बसवलेलं.

दोन्ही तेलं रंगानं मधासारखी, जाडीनं सारखी. बोटांत चोळून कळत नाहीत. कळतात ती नाकाला. आणि आबांचं नाक गेलं होतं.

हे मला तीन आठवड्यांपूर्वी कळलं होतं. भाद्रपदात त्यांना मोठा ताप आला होता. तापातून उठल्यावर एके सकाळी मी चुकून खवट शेंगदाण्याची चटणी वाढली, त्यांनी ती दोनदा मागून घेतली. मग मी बघायला लागले. दूध उतू जाऊन जळालं तरी ते चुलीशेजारी पेपर वाचत बसले. स्टोव्ह भडकून घरभर रॉकेलचा वास झाला, त्यांनी मान वर केली नाही. मी काही बोलले नाही, तेही बोलले नाहीत. ज्या माणसानं तीस वर्षं सांगितलं, की ज्याला वास कळत नाही त्यानं झाकण उघडू नये, त्यानं हे कुणाला कसं सांगायचं?

आबांनी डबा खाली ठेवला. बोट बुडवून अंगठ्यावर चोळलं.

"हे तिखट," ते म्हणाले.

मग त्यांनी दुसरा डबा उघडला आणि तो वास माझ्यापर्यंत आला. मी चार हात लांब होते. गंधक सरळ येऊन कपाळात शिरलं.

"आणि हे गोडं," आबा म्हणाले.

इनामदार माझ्याकडे वळले. भला माणूस होता, त्यांच्या मनात काही नव्हतं. "मालन, तू पण बघ की एकदा. तुझं नाक तर आबांच्या वरचं म्हणतात."

शेडमध्ये शेजारच्या फौंड्रीतल्या भात्याचा आवाज येत होता. आबांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांना चिडलेलं बघितलं होतं, दमलेलं बघितलं होतं, आई गेली तेव्हा भिंतीकडे तोंड करून बसलेलं बघितलं होतं. पण ती नजर मी आधी कधी बघितली नव्हती. एखादं म्हातारं जनावर खाटकाच्या दारात बघेल तसे ते माझ्याकडे बघत होते.

"आबांनी बघितल्यावर मी काय बघायचं?" मी म्हणाले.

"असं," सर्जा म्हणाला. "घरची पोरगी कशी बोलली बघा, इनामदार. उद्या माझा कप तुमच्या क्लबात न्हाय ठेवायचा, हिच्या हातात द्यायचा."

आबा खड्ड्यात उतरले. पहिल्या डब्यातलं तेल पिचकारीनं डिफरन्समध्ये भरलं, चिंधीनं भोवतालचं पुसलं, बोल्ट आवळला. दुसऱ्या डब्यातलं गिअरबॉक्समध्ये. दोन्हींना सव्वा-सव्वा लिटर लागलं. मी वरून टॉर्च धरला होता. माझा हात हलत होता, आणि आबा खालून दोनदा म्हणाले, "मालू, उजेड नीट धर."

मी त्याच वेळी ठरवलं होतं. ते वर यायच्या आधीच.

दुपारी सगळे जेवायला घरी गेले. नलूवहिनीनं, सर्जाच्या बायकोनं, त्याच्या आवडीचं आंबाड्याचं भरीत केलं होतं. मी म्हणाले, तुम्ही व्हा पुढं, मी ब्रेकच्या नळ्या बघून येते. त्यांची पावलं लोखंडाच्या दुकानापाशी वळली, तशी मी शेडचं दार लोटून घेतलं आणि खड्ड्यात उतरले.

दोन स्वच्छ पातेली घेतली. डिफरन्सच्या तळाचा बोल्ट सोडला आणि गोडं तेल एका पातेल्यात उतरू दिलं. शेवटचे थेंब पडेपर्यंत वाट बघितली. मग गिअरबॉक्स. तिखट दुसऱ्या पातेल्यात. मग यातलं त्यात, त्यातलं यात. पिचकारीनं भरताना मी प्रत्येक वेळी नाक खाली नेऊन खात्री केली. तेल तसं जपून वापरायचं होतं, दुसरं मिळणार नव्हतं. डबे जिथं होते तिथं ठेवले, पातेली पेट्रोलनं धुऊन उपडी घातली, फरशीवरचा एकही थेंब ठेवला नाही.

खड्ड्यातून वर आले तेव्हा घामानं चिंब झाले होते आणि मला गाणं म्हणावंसं वाटत होतं. खोटं कशाला सांगू? मला आबांची आई झाल्यासारखं वाटत होतं. सर्जाची गाडी नीट झाली होती, आबांचा शब्द शाबूत होता आणि या कानाचं त्या कानाला कळलं नव्हतं. मी घरी गेले आणि दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

"ब्रेक बरे हायत का?" सर्जानं विचारलं.

"तुझ्यापेक्षा बरे हायत," मी म्हणाले.

"म्हंजे थांबतात म्हण की. मी कुठं थांबतोय."

वहिनी आतून म्हणाली, "थांबा जरा कधी तरी. घरात पण माणसं हायत."

"घरात थांबलं तर कप कोण आणायचा?"

"कप काय चाटायचाय?"

आबा हसले नाहीत. त्यांनी अर्धी भाकरी ताटात टाकली. हात धुतले आणि कुणाला न सांगता शेडकडे गेले.

मी चारच्या सुमाराला पोचले. आबा दारातच उभे होते, टोपी हातात घेऊन.

"मालू, लक्ष्मीपुरीत जा. सायलेन्सरचं पॅकिंग आण."

"पेटीत दोन हायत की."

"ती जुनी."

"परवाच आणल्यात, आबा."

"जा म्हणतोय न्हवं," ते म्हणाले. आवाज मोठा नव्हता. मी सायकल काढली.

लक्ष्मीपुरीत गर्दी होती, दुकानदार चहाला गेला होता, परत यायला दिवेलागण झाली. आबा खड्ड्याच्या काठावर पाय सोडून बसले होते. कोपरापर्यंत हात धुतलेले, चेहरा उतरलेला पण शांत, नवसाचं देणं देऊन आलेल्या माणसासारखा. पॅकिंग मी त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते न बघता बाजूला ठेवलं.

"झालं सगळं," ते म्हणाले. "आता कायबी न्हाय. चल घरला."

आम्ही दोघं बरोबर चालत आलो. फौंड्रीच्या भिंतीकडेनं जाताना शिकलगार चाचा दारात हात पुसत होते. त्यांनी आबांना विचारलं, "सर्दी कशी हाय, मिस्त्री?" आबा म्हणाले, "बरी हाय." मला वाटलं, कुठली सर्दी? पण विचारलं नाही. आमच्या घरात एकमेकांना विचारायची रीत नव्हती. माया होती, खूप होती. ती सगळी न विचारण्यात खर्च व्हायची.

पहाटे नलूवहिनीनं सर्जाला ओवाळलं. तो गाडीत बसूनच खिडकीतून तोंड बाहेर काढून ओवाळून घेत होता आणि निरांजनाच्या उजेडात त्याची मिशी नवी दिसत होती. आमची आई जात्यावर एक ओवी म्हणायची, ती मला तिथं उभ्या उभ्या आठवली:

वळणाच्या वाटंवरी हळू हाक रं गाडीवाना,
माझ्या बाई बंधवाचा जीव गाडीत मावंना.

मी ती मनातच म्हटली. मोठ्यानं म्हटली असती तर सर्जानं चेष्टा केली असती.

त्यानं गाडी चालू केली, गल्लीच्या तोंडापर्यंत नेली, आणि मागे घेऊन परत आमच्यापाशी आणली.

"आबा, दुसरा गिअर जरा अडतोय. करकर करतोय पडताना."

आबा शेजारच्या सीटवर बसायला निघाले होते. ते थांबले. "नवं तेल हाय. चार मैल गेलं की बसंल."

"काल दुपारपतूर न्हवतं तसं."

"काल गाडी हलवली कुठं तू?"

"ते बी खरं," सर्जा म्हणाला.

मी खिडकीपाशीच होते. करकर मी ऐकली होती. पितळेच्या कडीला धरता येत नाही तेव्हाचा तो आवाज मला पाठ होता. गिअरबॉक्समध्ये गोडं तेल असताना तो यायला नको होता. आणि गोडं मी स्वतःच्या हातानं भरलं होतं, नाकानं तपासून. म्हणून मी मनाशी म्हटलं, नवं तेल आहे, बसेल. आबा म्हणाले तेच मी म्हटलं. त्यांनी स्वतःला कशी समजूत घातली असेल ते मला आठ दिवसांनी कळलं.

"मालू, काय आणू?" सर्जानं विचारलं.

"फणसपोळी आण."

"ह्या दिवसांत?"

"मागच्या उन्हाळ्यातली असंल की कुणाकडं."

"शिळं खायची हौस हिला," तो वहिनीला म्हणाला, आणि गेला.

साडेअकरा वाजता फौंड्रीत फोन आला. आमच्याकडे फोन नव्हता. शिकलगार चाचा अनवाणी पळत आले. त्यांनी काही सांगायच्या आधी वहिनीनं हातातलं सूप खाली ठेवलं, तांदूळ न सांडता, अगदी हलक्या हातानं. तेवढंच मला त्या क्षणाचं आठवतं.

पुढचं इनामदारांनी सांगितलं. सरावाच्या दोन फेऱ्या चांगल्या गेल्या. खऱ्या फेरीत चौथ्या वळणाच्या तोंडाशी मागची दोन्ही चाकं एकदम जाम झाली. कुणी मागून साखळीनं खेचावी तशी गाडी फिरली आणि कठडा तोडून खाली गेली. आबा वळणाच्या वरच उभे होते. त्यांनी बघितलं.

आठव्या दिवशी गाडी ट्रकवरून शेडमध्ये आली. सुतकात हत्याराला हात लावत नाहीत. घरी माणसं बसलेली असताना आबा उठले आणि निघाले. कुणी अडवलं नाही. थोड्या वेळानं मी त्यांच्यामागून गेले.

त्यांनी गाडी तिरकी टेकून ठेवली होती. डिफरन्सचं झाकण उघडं होतं. क्राऊनचे दात वितळल्यासारखे एकमेकांत गेले होते, निळे आणि काळे. तळाशी थोडं तेल राहिलं होतं, डांबरासारखं. आबांनी त्यात दोन बोटं बुडवली आणि मला दिसलं की ती त्यांनी स्वतःच्या नाकाकडे नेली, मधेच थांबवली, आणि खाली घेतली.

"मालू, हिकडं ये."

मी गेले. त्यांनी बोटं माझ्यापुढे धरली.

"वास घे."

उभ्या जन्मात त्यांनी मला असं सांगितलं नव्हतं.

"कशाला, आबा?"

"घे म्हणतोय न्हवं. काय हाय सांग."

जळालेलं तेल सगळं सारखंच, असं लोकांना वाटतं. तसं नसतं. तिखट जळून कोळसा झालं तरी गंधक मरत नाही, राखेत निखारा राहावा तसं ते राहतं. मी आबांच्या बोटांशी नाक नेलं. करपट होतं, लोखंड होतं, धूर होता. गंधक नव्हतं. मी पुन्हा घेतला. नव्हतं. तेवढ्यात मला दुसरा वास आला. गिअरबॉक्सचं कवच तडकलं होतं आणि फरशीवर तेल ठिबकत होतं, मधाच्या रंगाचं, चांगलं. गंधक तिथून येत होतं.

मी खड्ड्यात उतरून अदलाबदल केली होती. मीच. म्हणजे सकाळी आबांनी बरोबर भरलं होतं, चुकलं होतं ते माझं नाक. त्यांचं नीट केलेलं मी दुपारी चोरून उलटं केलं. भावाला मी मारलं. माझ्या डोक्यात दुसरं काही आलं नाही. कानात भात्यासारखा आवाज व्हायला लागला. त्या बोटांच्या पलीकडे आबांचा चेहरा होता आणि ते वाट बघत होते.

"तिखट," मी म्हणाले.

"नीट घे. घाई करू नकोस."

"तिखटच हाय, आबा."

मला वाटतं, खोटं बोलताना माणसाला कुणाला तरी वाचवायचं असतं. त्या वेळी मी फक्त स्वतःला वाचवत होते.

आबांनी बोटं धोतराला पुसली. मग ते हळूच खाली बसले, गाडीच्या चाकाला टेकून, आणि रडायला लागले. आठ दिवसांत ते पहिल्यांदाच रडत होते. मोठ्यानं नाही. लहान पोरगं दमल्यावर रडतं तसं, श्वास घेत घेत.

"माझं नाक गेलंय, मालू."

ते मला ठाऊक होतं.

"तापात गेलं. कुणाला सांगितलं न्हाय. त्या दिवशी अंदाजानं बोललो, आणि उलटं भरलं. डिफरन्समध्ये गोडं घातलं मी."

मी खाली बसले, त्यांच्यासमोर, फरशीवर.

"भरताना तुझ्या हातातला टॉर्च हलत हुता," ते म्हणाले. "तवाच मनात पाल चुकचुकली. जेवताना घास उतरंना. सकाळची चिंधी घेतली, डिफरन्स भरताना पुसलेली, आणि शिकलगाराकडं गेलो. म्हटलं, सर्दी झालीया, ह्याला कसला वास येतोय बघ. त्यो म्हणला, वास कसला, नुसतं तेल हाय. तवा कळलं. मग तुला लक्ष्मीपुरीला घालवलं. पॅकिंग लागत न्हवतंच. तू गेलीस, आणि दोन्ही तेलं काढली. ह्यातलं त्यात, त्यातलं ह्यात. म्हटलं पोरीला कळाय नको, सर्जाला तर न्हाईच न्हाई. उद्या शर्यत, त्येच्या मनात कशाला शंका?"

मी ऐकत होते. फरशीवर तेल ठिबकत होतं. माझं नाक चुकलं नव्हतं. मी दुपारी नीट केलेलं त्यांनी संध्याकाळी नीट केलं होतं. दोघांपैकी एकानं जरी हात लावला नसता, किंवा एकानं जरी तोंड उघडलं असतं, तर सर्जा आता घाटातून परत येऊन वहिनीला चिडवत बसला असता.

"तरी वळणावर उभा हुतो तवापासनं एकच," आबा म्हणाले. "शिकलगाराचं नाक चुकलं असंल तर? म्हंजे मी सकाळी बरोबर आणि संध्याकाळी चूक. कुणाला विचारणार? तुला विचारायचं भ्या वाटत हुतं. आठ दिवस भ्या वाटत हुतं." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तेलकट, जड, थरथरणारा हात. "तू म्हणलीस तिखट, तवा सुटलो बघ. बरं झालं मी बदललं. न्हायतर जन्मभर वाटलं असतं, पोरगं माझ्या हातानं गेलं."

त्यांना सांगायला मला तीन शब्द पुरले असते. मीही बदललं होतं. तीनच. ते तोंडाशी आले होते. त्यांचा हात माझ्या डोक्यावर होता आणि तो थरथरायचा थांबत चालला होता. तो पूर्ण थांबेपर्यंत मी थांबले, आणि मग मला ते बोलता आले नाहीत.

आबा त्यानंतर अकरा वर्षं जगले. शेडही चालली. कुठलाही डबा आला की झाकण उघडून आधी माझ्यापुढे धरायचे, गिऱ्हाइकासमोर, न लाजता. "माझं नाक आता हिच्याकडं हाय," म्हणायचे. मी सांगायचे आणि ते भरायचे. आता शेड माझी आहे. आजही गल्लीतून जाणाऱ्या एखाद्या गाडीचा दुसरा गिअर करकरला की माझा हात जिथं असेल तिथं थांबतो, आणि मला पहाट दिसते, निरांजन दिसतं, खिडकीतून बाहेर आलेलं तोंड दिसतं.

पण मला सांगायचं आहे ते त्याच दिवसाचं, आठव्या दिवसाचं.

आम्ही शेडमधून घरी आलो तेव्हा ओटीवर माणसं होती. भावकीतली, क्लबातली. इनामदार खांबाला टेकून बसले होते, चोरी करून पकडल्यासारखे. त्या डब्यांच्या चिठ्ठ्या त्यांच्या डिकीत भिजल्या होत्या आणि ते तेवढंच धरून आठ दिवस बसले होते. आबा सरळ त्यांच्यापाशी गेले.

"इनामदार, गाडी उघडली मी. तेल बरोबर हुतं. मालूनं वास घेऊन सांगितलं. लोखंडच कच्चं निघालं, त्येला कोण काय करणार?"

इनामदारांनी चेहरा हातात घेतला. कुणी तरी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. ओटीवरचा सगळा भार कुणी उतरवून घेतल्यासारखा झाला. लोक हलके बोलायला लागले, पाणी मागायला लागले.

मी आत गेले. नलूवहिनी चुलीपाशी बसली होती, कपाळ मोकळं, हात मोकळे. तिनं आठ दिवसांत पाण्याखेरीज काही घेतलं नव्हतं. ओटीवरचं तिनं ऐकलं होतं. तिनं माझ्याकडे वर बघितलं.

"वन्सं, खरं हाय न्हवं? तुमी बघितलं?"

शेडमधलं खोटं मी भीतीनं बोलले होते, काही माहीत नसताना. आता मला सगळं माहीत होतं. कुणी काय केलं, कुठल्या वेळी, कुठल्या मायेनं. माझ्यासमोर ती बसली होती, सव्वीस वर्षांची, आणि तिला फक्त एवढंच हवं होतं की या घरातल्या कुणाच्या हातून तिचा माणूस गेलेला नाही.

"हो," मी म्हणाले. "मी वास घेतला. तिखटच हुतं."

वहिनीनं चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

"मग बरं," ती म्हणाली. "मी उगंच आबांचा राग धरून बसली हुती. देवाशप्पत सांगते वन्सं, रोज मनात म्हणायची, म्हाताऱ्यानंच काय तरी केलं असंल." तिनं पदरानं डोळे पुसले. "भाकरी हाय का वो शिल्लक?"

मी टोपलीतनं भाकरी काढली, तव्याच्या कडेला धरून ऊन केली, वर थोडं वरण घातलं. ती खाली मान घालून जेवू लागली, आधी एकेक घास, मग भुकेनं. मी समोर बसून तिला वाढत राहिले.